एक ओळ मागे

विश्वास बसणार नसेल तर खुशाल हसा. पण ही खरी गोष्ट आहे, आणि ती माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली आहे. मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही. दुसऱ्याची थाप तोंडावर पकडून त्याला ओशाळं करणारी बाई आहे ती.

रात्र नव्हती. शुक्रवार होता, संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन होतं.

आत थिएटरात मात्र...

थांबा. आधी काकांबद्दल सांगायला हवं.

मावशी आणि काका दोघंही एका थिएटरात सफाईला होते. तीन हॉल, दिवसाला बारा शो. एक शो संपून दुसरा सुरू होईपर्यंत पंधरा मिनिटं मिळायची. त्यात सगळा हॉल झाडायचा, पिशव्या भरायच्या आणि बाहेर पडायचं. त्यामुळे पडद्यावर शेवटची नावं पडायला लागली, की लोक बाहेर निघायचे आणि हे दोघं झाडू घेऊन आत शिरायचे.

अकरा वर्षं हेच. अकरा वर्षांत दोघांनी एकही पिक्चर सुरुवातीपासून बघितला नाही.

त्यांच्या वाट्याला यायचं ते फक्त नावांवर वाजणारं शेवटचं गाणं.

मावशीला त्याचं काही नव्हतं. काकांचा मात्र त्यात जीव अडकलेला. दर शुक्रवारी नवा पिक्चर, नवं गाणं. कधी कळणाऱ्या भाषेतलं, कधी कुठल्या कुठल्या देशातलं, कधी नुसतीच वाद्यं. असली वाद्यं जगात असतात हेच काकांना तिथे झाडू मारताना कळलं. शब्द समजले नाहीत तर ते स्वतःचे घालायचे. वर गाण्यावरून गोष्टही ओळखायचे.

"अगं, यात हिरो गेला वाटतं. नाहीतर शेवटी इतकं सावकाश कोण वाजवेल?"

"गेला तर गेला. जाताना खालचे पॉपकॉर्न उचलले असते तर वाईट वाटलं असतं मला. हात चालवा."

थिएटरातले सगळे काकांना 'रेडिओ' म्हणायचे.

काका सगळ्यात वरच्या रांगेपासून झाडत खाली यायचे. मावशी पडद्याकडून वर जायची. सातव्या रांगेत दोघांची गाठ पडायची. तोवर काकांचं गुणगुणणं चालूच. पण गाणं नवं, त्यामुळे ते कायम एक ओळ मागे असायचे. स्पीकर पुढे जायचा आणि काका मागून, नुकतीच ऐकलेली ओळ चाचपडत म्हणायचे.

"गाणं घरी पोचलं हो, तुम्ही अजून रस्त्यातच," असं मावशी चिडवायची.

मग तो बुधवार आला. दुपारचा शो. काकांनी वरून हाक मारली.

"अगं, झाडू ठेव जरा. हे ऐक. एवढं एकच ऐक."

"आता नको. दहा मिनिटं राहिलीत."

काका गुणगुणायला लागले. आणि ओळीच्या मधोमध थांबले.

मावशीला वाटलं, रुसले. तिनं मान वर न करता रांगा झाडल्या. सातव्या रांगेत आली तर काका नाहीत. वर एका खुर्चीत बसलेले. मान कललेली. झाडू मांडीवर.

"ही काय बसायची वेळ आहे?" ती म्हणाली.

ते तिचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. तेही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. त्रास मावशीला झाला. एक गाणं ऐकायला सांगितलं होतं माणसानं. एकच. तेवढंही तिनं ऐकलं नाही.

तीन आठवड्यांनी ती कामावर परतली. आता दोघांच्या रांगा एकटीनं झाडायच्या.

चौथ्या दिवशी दोन नंबरच्या हॉलमध्ये ती खालून झाडत होती. नावं पडत होती, गाणं वाजत होतं. आणि वरून...

कुणीतरी गुणगुणत होतं.

"शो संपलाय, निघा आता," तिनं आवाज दिला.

तिनं वर पाहिलं. सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

गुणगुणणं थांबलं नाही. आवाज काकांचा होता. तोच जरासा नाकातला, मध्येच श्वास घेणारा.

आणि मग तिच्या लक्षात आलं...

काका मागे नव्हते. पुढे होते.

ते एक ओळ म्हणत, आणि मग तीच ओळ स्पीकरवर येई.

त्या दिवशी ती झाडू टाकून पळाली. दुसऱ्या दिवशी मात्र नावं पडायच्या आधीच दाराशी जाऊन उभी राहिली. भीती होती. पण त्या आवाजासाठी तिचा जीव तुटत होता.

दिवसेंदिवस अंतर वाढत गेलं. आधी एक ओळ. मग अख्खं गाणं. मग बुधवारी ते जे गुणगुणत, ते शुक्रवारी लागणाऱ्या पिक्चरमध्ये निघायला लागलं. एकदा वरच्या मशीनरूमजवळ ती तशीच एक चाल गुणगुणत होती, तर ऑपरेटर धावत बाहेर आला.

"मावशी, हे कुठे ऐकलंत?"

"का रे?"

"हा पिक्चर अजून कुठेच लागलेला नाही. त्याची फाइल सकाळी आली. मी एकट्यानं लावून बघितली, आवाज हेडफोनवर घेऊन."

मावशीनं खरं ते सांगितलं. त्याची पाचावर धारण बसली.

पण मावशीला वेगळीच भीती होती. काका पुढे चालले होते. दर वेळी आवाज थोडा बारीक व्हायचा. दर वेळी दाराच्या थोडा जवळून यायचा.

"अहो, हळू चला ना," एके दिवशी ती रिकाम्या हॉलमध्ये म्हणाली. "मला इतकं भरभर नाही येत."

त्या दिवशी दाराशी एक संथ चाल ऐकू आली. तीन पायऱ्या चढून एक उतरावी तशी. ती ऐकू आली, बारीक होत गेली...

आणि नंतर काहीच नाही.

आठवडा गेला, महिना गेला. ती चाल कुठल्याच पिक्चरमध्ये येईना. मावशीला जन्मात कधी गाणं लक्षात राहिलं नव्हतं. पण ही एक चाल तिनं जिवापाड सांभाळली. भांडी घासताना, जिना चढताना, झोपण्याआधी, विसरू नये म्हणून घोकत राहायची. तिनं मनाशी पक्कं धरलं होतं: ते गाणं येईल त्या दिवशी काका तिथे असतील. त्या बुधवारी ऐकलं नाही, ते त्यांच्याजवळ बसून पूर्ण ऐकायचं. एकदा.

आठ महिने गेले. मग तो शुक्रवार उजाडला.

दोन नंबरच्या हॉलमधला पहिला शो. नावं पडायला लागली. आणि स्पीकरमधून... तीच चाल.

मावशीच्या हातातली पिशवी गळून पडली. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तोच खटकन गाणं बंद झालं. दिवे लागले. शोला उशीर झाला असला, की ऑपरेटर नावं मध्येच कापायचा.

ती धापा टाकत मशीनरूमचा जिना चढली.

"दुपारी तीनच्या शोला कापू नकोस. पूर्ण वाजू दे. पाया पडते तुझ्या."

"पुढचा शो लेट होईल मावशी. मॅनेजर मला फाडून खाईल."

"खाऊ दे."

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाला.

साडेपाच वाजता लोक बाहेर पडले. मावशीनं झाडू दाराशी ठेवला आणि सातव्या रांगेत जाऊन बसली. इतक्या वर्षांत तिथल्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती.

गाणं सुरू झालं.

पहिली ओळ. कुणी नाही.

दुसरी ओळ. कुणी नाही.

ती कान टवकारून बसली होती. वर, दाराशी, शेजारी... कुठेच काही नाही. गाणं मात्र फार सुंदर होतं. तिला एक शब्द कळत नव्हता, तरी डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कडवं झालं, दुसरं झालं. वाद्यं हळूहळू थांबली. नावं संपली. पडदा काळा झाला.

"ऐकलं हो," ती अंधारात म्हणाली. "सगळं ऐकलं."

आपण वेड्यासारखी वाट बघितली, माणूस गेला तो गेलाच, असं तिला वाटलं आणि ती पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

आणि तेव्हा...

मागून.

अगदी मागच्या खुर्चीतून. तिच्या कानापासून हातभर अंतरावर.

गुणगुण.

तेच गाणं, पहिल्या ओळीपासून. चाचपडत. स्वतःचेच शब्द घालून. पहिल्यांदा ऐकलेलं गाणं काका म्हणायचे तसं, मागाहून.

ते पुढे निघून गेले नव्हते. तिच्यासोबतच बसून ऐकत होते. तिला वळायचं होतं. मनापासून वळायचं होतं. पण वळलं आणि खुर्ची रिकामी दिसली तर? किंवा ती कललेली मान पुन्हा दिसली तर? तिनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला आणि समोर बघत राहिली. न बघता का होईना, आहेत तोवर असू देत.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या मधोमध आवाज थांबला.

दिवे लागले. तेव्हा ती वळली. मागच्या रांगेत कुणी नव्हतं.

याला दोन वर्षं झाली. त्यानंतर कुठल्याही हॉलमध्ये तिला काही ऐकू आलेलं नाही. ती अजून तिथेच कामाला आहे. दर शुक्रवारचं नवं गाणं संपेपर्यंत उभी राहते. मॅनेजरनं बोलणं सोडून दिलंय.

मशीनरूमच्या खिडकीतून खालचा सगळा हॉल दिसतो. त्या दिवशी ऑपरेटर खिडकीशीच उभा होता. तेव्हापासून तो दोन नंबरच्या हॉलमध्ये एकटा पाऊल टाकत नाही. गेल्या महिन्यात मी त्याला गाठलं. आधी म्हणाला, काही नाही बघितलं. मी हटून बसले. मग त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"मागे बसले होते ते," तो हळूच म्हणाला. "पडद्याकडे नव्हते बघत. सबंध वेळ मावशींकडेच बघत होते. त्यांच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केलेला. तसाच धरून बसले होते, मावशी वळायची वाट बघत. एकदा वळायला हवं होतं हो त्यांनी."

मी खाली आले. मावशी पिशव्यांना गाठी मारत होती.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही," मी म्हणाले. "त्यानं काही बघितलंच नाही."

"हो, मलाही तेच सांगतो," मावशी म्हणाली आणि झाडू घेऊन दोन नंबरच्या हॉलकडे गेली.