तिसरं संत्रं

चष्मेवालीने टेबलावर पत्र्याचा डबा ठेवला आणि म्हणाली, "चोरी झालीय."

"काय गेलं?" ताईने विचारलं.

"चव."

ताईचा भाऊ खिडकीशी पेंगत बसला होता. बाहेर धुकं इतकं खाली आलं होतं की समोरची इमारत अर्धीच उरली होती. शेवटचा शब्द ऐकून त्याने डोळे उघडले. पन्नाशी उलटली तरी सगळ्यांसाठी तो 'धाकटा'च होता. ताईच्या तपासात त्याची कामं दोन: गाडी चालवणं आणि चुकीचे तर्क करणं. दुसरं तो जास्त मन लावून करी.

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी ही मुलगी बोलायचीही तशीच, एकेक भिंग बदलून बघावं तशी. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. आई संत्र्याची ओट्सची बिस्किटं करायची. भट्टी नको, काही नको. लोणी, साखर, थोडं दूध उकळायचं, ओट्स घालायचे, चमच्याने ट्रेवर गोळे सोडायचे आणि खिडकीत गार होऊ द्यायचे.

"मी आईच्या शेजारी उभी राहून शिकले, ओट्स पडेपर्यंत; पुढे नुसते गोळे सोडायचे. तसंच्या तसं करते. दिसतात तशीच. पण ही खाऊन बघा."

धाकट्याने सांगण्याआधीच एक तोंडात टाकलं होतं. "गोड आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "बस, गोडच आहे."

"आईची खाल्ली की डोळे मिटायचे आपोआप. बागेत बसल्यासारखं वाटायचं." तिने चष्मा काढून पुसला. "आईने मला काहीतरी सांगितलं नाही. वहिनीला सांगितलं असणार. शेवटी शेवटी स्वयंपाकघरात तीच असायची. विचारलं की म्हणते, मला काही माहीत नाही. रविवारी आईच्या आठवणीत माणसं जमणार आहेत. मी दुसरीकडे खोली बघून ठेवलीय. वहिनी खोटं बोलत असेल तर मी त्या घरात राहणार नाही. आणि आईनेच मला चुकीचं शिकवलं असेल, तर…"

पुढचं तिने त्या पुसलेल्या काचेतच ठेवलं.

"चल," ताई उठली. "आधी करून दाखव."

चष्मेवालीचं घर शांत होतं. पांढऱ्या पडद्यांमधून आलेला उजेड दुधासारखा फरशीवर सांडला होता. चष्मेवालीने पातेल्यात लोणी, साखर, दूध घातलं. दोन संत्र्यांची सालं किसून तो कीस त्यातच टाकला आणि गजराचं छोटं घड्याळ लावलं. मिश्रण उकळू लागलं, वाफ वर चढली आणि संत्र्याचा वास खोलीभर, मग घरभर पसरला. धाकट्याला वाटलं, आपण उभ्या उभ्या एखाद्या फळाच्या आत शिरलो आहोत.

"आई कीस उकळीतच घालायची?" ताईने विचारलं.

"हो. आणि घड्याळ लावून. मी शिकले तेव्हा तसंच करायची."

"आणि किसलेली संत्री?"

"ती आम्हाला खायला. बोडकी संत्री म्हणायचो आम्ही. एक मला, एक दादाला. बाबा आपलं त्यांच्या खोलीत नेऊन खायचे."

वहिनी दाराशी उभी होती. घरी पडदे शिवून द्यायची. खांद्यावर मोजपट्टी, ओठांत टाचणी. टाचणी काढून ती म्हणाली, "ट्रे हवा असेल ना?" वाकून तिने ओट्याखालचा खण उघडला आणि ट्रे काढून दिला. "हा इथेच असतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून जागा बदललेली नाही. चोरायचा असता तर आधी हाच चोरला असता."

"टोमणे नकोत," चष्मेवाली म्हणाली.

"मग आरोप पण नकोत, वन्सं."

ताई वहिनीला बाजूला घेऊन गेली. धाकटा अर्थातच मागे.

"सासूबाईंनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"मला? दूध नासलंय का बघ, भाजी उतरलीय का बघ. दिवसातून दहादा. मला वाटायचं, सून म्हणून कामाला लावतायत. बिस्किटांना मात्र हात लावू द्यायच्या नाहीत."

"त्या करत असताना स्वयंपाकघरात कोण यायचं?"

"कोणी नाही. सासरे तेवढे यायचे, पाण्याची बाटली भरायला. त्यांना तहान नेमकी तेव्हाच लागायची." वहिनी क्षणभर हसली. "ओट्स घालून झाले की पाच मिनिटांत हजर."

बाहेर पडताना धाकटा कुजबुजला, "हिचंच काम. सासूने राबवलं, सुनेने सूड घेतला."

"चव पळवून?"

"लोक काहीही पळवतात, ताई."

शेजारच्या काकूंनी दार उघडताच चहा ठेवला. भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येई आणि जे ऐकू येत नसे त्याचा वास येई.

"गुणी बाई हो. पण कशाततरी हरवलेली. एकदा हात पुसायचं फडकं शेगडीवर जळत होतं. मला इथे वास आला, मी धावत गेले. ही दोन हातांच्या अंतरावर उभी, पाठमोरी, ओट्स मोजतेय. मी ओरडले तेव्हा वळली."

"कधीची गोष्ट?"

"तो मोठा ताप येऊन गेला ना तिला, त्याच्या नंतरची. त्याआधी अशी नव्हती. आधी तर माझ्या घरात वरण लागलं तर तिकडून सांगायची. तापानंतर तिने अत्तरसुद्धा सोडलं."

"आणि बिस्किटं करताना?"

"गाणं म्हणायची. पातेलं खाली उतरवलं की 'ट्रे आणते' म्हणून आतल्या खोलीत जायची, गुणगुणत. पूर्ण गाणं व्हायचं. गाणं संपलं की परत. मी म्हणायचे, एवढा वेळ ट्रे घडवतेस की काय."

धाकट्याला वरणावरून भूक आठवली. ताईने चहा अर्धा ठेवला. ती असं करी तेव्हा काहीतरी जुळलेलं असे.

वडिलांची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. ते इमारतींची मॉडेलं करत: बांधण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवायची घरं, पूल, शाळा. आत शिरताच धाकट्याचा आवाज आपोआप खाली आला. फळ्यांवर, टेबलांवर, खिडकीत थर्माकोलचं एक पांढरं गाव पसरलं होतं. माणूस नाही, आवाज नाही, नुसती छपरं, जिने आणि करंगळीएवढी झाडं. खिडकीतलं धुकं त्या गावातूनच निघाल्यासारखं वाटत होतं.

"जपून," वडील म्हणाले. त्यांच्या हातात चिमटा होता. "श्वासानेही हलतात."

धाकटा वाकून बघत फिरला. खिडकीतलं गाव नवं, गुळगुळीत होतं. वरच्या फळीवरची घरं जुनी, पिवळट. त्यांच्या कडांना बारीक खड्डे होते, साखर विरघळावी तसे. समोरासमोर, दोन दोन.

"उंदीर?" त्याने विचारलं.

"जुना माल आहे," वडील म्हणाले. "थर्माकोलही म्हातारा होतो."

"छप्पर नाही झालं म्हातारं. कडाच झाल्या," ताई म्हणाली. "जिथे अंगठा आणि बोट धरतं तिथेच. गोंद कुठला वापरता?"

"साधा पांढरा. पाण्यातला. दुसरा थर्माकोल खातो."

"ही फळीवरची घरं केव्हाची?"

"ती असतानाची," ते म्हणाले आणि चिमट्याचं टोक बघत राहिले.

ताईने एक थर्माकोलचा तुकडा मागून घेतला आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. बिस्किटं खिडकीत गार होत होती. काकूही आल्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण भिंतीने सांगितलं होतं.

ताई एकेकाळी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत होती. अजूनही बोलताना ती हातातली वस्तू आधी दाखवी, मग बोले. तिने संत्र्याच्या सालीचा तुकडा बोटांत चिमटला, तीच ओली बोटं थर्माकोलवर दाबून धरली आणि उचलली. पांढऱ्या तुकड्यावर दोन खड्डे पडले होते.

"सालीतलं तेल थर्माकोल विरघळवतं," ती म्हणाली. "आणि हेच तेल म्हणजे संत्र्याचा वास. ते फार उडतं. उकळत्या पातेल्यात कीस घातला की वाफेबरोबर निघून जातं. मघाशी वास घरभर पसरला, आठवतंय? जो घरभर गेला तो बिस्किटात कसा उरेल?"

"पण आई तसंच करायची," चष्मेवाली म्हणाली.

"तू शिकलीस तेव्हा. त्याआधी ती नाकाने करत असणार, पातेलं उतरवून, वास घेत घेत. मग तो ताप आला. फडकं जळलं तरी कळलं नाही. दूध सुनेला हुंगायला लावलं. अत्तर सोडलं. नाकाच्या जागी घड्याळ आलं. तुझ्या आईला वास येत नव्हता, मुली. तिने तुला खोटं शिकवलं नाही. ती जे करत होती तेच शिकवलं."

वहिनीचा हात मोजपट्टीवर थांबला. "म्हणजे दूध…" ती एवढंच म्हणाली.

"मग चव यायची कुठून?" धाकट्याने विचारलं. त्या सगळ्यांत फक्त त्यालाच अजून कळलं नव्हतं.

"कृतीत संत्री दोन. बोडकी संत्री किती? एक हिला, एक हिच्या दादाला. आणि एक बाबांना. तिसरं कोणी किसलं? ओट्स घातल्यावर, पातेलं खाली असताना, ताजा कीस मिसळायला कोण यायचं? ज्याला नेमकी तेव्हाच तहान लागायची. तो तसाच खोलीत परत जायचा आणि त्याच बोटांनी घर उचलायचा."

वडील स्टुलावर बसले.

"बिस्किटं पहिल्यांदा बिघडली तेव्हा मुलं गप्प राहिली," ते म्हणाले. "तिने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते बघणं मला परत बघायचं नव्हतं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मग मी कसं सांगणार? ती आत गेली की किसायचो. गाणं संपेपर्यंत आटपायचं."

"वर्षभर मी वहिनीशी धड बोलत नाही, बाबा."

"चुकलं माझं. बोललो असतो तर तिचं झाकलेलं उघडं पडलं असतं. ती गेली तरी तिचंच होतं ते." त्यांचा आवाज बारीक झाला. "तिला कळलं नाही, एवढंच बरं."

धाकटा खिडकीतल्या ट्रेकडे बघत होता. त्याच्या मनात बिस्किटंच होती, पण डोक्यात काहीतरी अडकलं होतं.

"एक कळलं नाही," तो म्हणाला. "त्या आत जायच्या कशाला?"

"ट्रे आणायला," काकू म्हणाल्या.

"पण ट्रे तर ओट्याखाली असतो. मघाशी वहिनींनी इथूनच काढला."

वहिनीने खणाकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "कायम इथेच होता," ती हळू म्हणाली.

ताईने भावाकडे असं पाहिलं, जसं तिने आयुष्यात फार वेळा पाहिलं नव्हतं.

चष्मेवाली वडिलांच्या पायाशी बसली. "आईच्या वाचायच्या चष्म्याचा नंबर मीच काढला होता, बाबा," ती म्हणाली. "सुईत दोरा ओवायची ती. दोन संत्र्यांचा कीस कुठला आणि वर पडलेला ताजा, केशरी कीस कुठला, हे तिला दिसलं नसेल?"

वडिलांनी दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले आणि बोटांच्या टोकांकडे बघत राहिले.

"गाणं," ते म्हणाले. "लांब म्हणायची ती. कधी माझं किसणं मागे पडलं, तर शेवटची ओळ पुन्हा घ्यायची. मला वाटायचं, तिला आवडते ती ओळ."

बाहेर धुक्यातून इथलीही समोरची इमारत हळूहळू पुरी होत होती. चष्मेवालीने पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवलं. वहिनीने ओट्स मोजले. कुणी सांगितलं नाही, कुणी अडवलंही नाही. मिश्रण उतरवून झाल्यावर चष्मेवालीने टोपलीतलं एक संत्रं आणि किसणी वडिलांपुढे ठेवली.

"मी ट्रे आणते," ती म्हणाली, आणि ओट्याकडे पाठ करून आतल्या खोलीत गेली.

काही वेळाने आतून गुणगुणणं ऐकू आलं. सूर जरा चुकत होता. वडील किसू लागले.