सात नंबरचं फडकं

माझी काही चूक नव्हती. कंप्रेसरची नळी इंजिनाच्या ब्लॉकच्या या टोकाला माझ्या हातात होती आणि त्या टोकाच्या भोकाला डोळा लावून कोणी परका माणूस वाकला असेल, हे मला कसं कळावं? मी हवा सोडली. तेलाच्या वाटेत तीस वर्षं मुरलेला काळा गाळ फस्सकन निघाला आणि पलीकडून आवाज आला, "आई गं..."

जाऊन पाहिलं, तर पांढराशुभ्र शर्ट, आणि त्याच्यावर... चेहरा असावा. नुसते दोन डोळे लुकलुकत होते.

"वर्कशॉपमध्ये पांढरा शर्ट कोण घालून येतं?" मी म्हटलं. माफी मागायची सोडून हेच सुचलं. स्वभावाला औषध नाही.

"मिस्त्रींना भेटायचं होतं. म्हटलं, जरा बरं दिसावं."

"मीच मिस्त्री."

आता हा हसणार आणि मी चार शब्द ऐकवणार... तयारीतच होते मी. पण तो हसला नाही. "मग बरं दिसायलाच हवं होतं," म्हणाला. मी हातातलं फडकं त्याच्यासमोर धरलं.

तो लाँच चालवायचा, या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी. तिचंच हे जुनं इंजिन. मालकांना ते भंगारात घालायचं होतं. यानेच हट्ट धरला, की एकदा उघडून तरी बघा. मालकांनी मुदत दिली. शुक्रवारी चार वाजता त्यांच्यासमोर सुरू झालं तर ठीक, नाहीतर वजनावर विकणार. आणि बाबांच्या खांद्याने संप पुकारल्यामुळे, मी एकटीने हातात घेतलेला हा पहिला ब्लॉक होता. धक्क्यावर काय बोलत होते ते कानावर यायचंच. पोरीच्या हातात इंजिन दिलंय, आता वल्ही तयार ठेवा, म्हणे.

बोला म्हटलं, किती बोलायचं ते.

ब्लॉक साफ करणं म्हणजे पातेलं घासणं नव्हे. पाणी खेळायच्या पोकळ्यांत मीठ आणि गंज दगडासारखा बसला होता. तो टोकरायचा, खरवडायचा, रॉकेलने धुवायचा, पुन्हा टोकरायचा. सहा दिवस नखं काळी आणि पाठ वाकडी. सातव्या दिवशी खालचं मूळ लोखंड दिसलं. राखाडी, स्वच्छ, कुठे एक चीर नाही. मी त्यावर तळहात ठेवून नुसती उभी राहिले. नवे कपडे घालून कधी एवढी ऐट वाटली नव्हती मला.

तो रोज यायचा. "इंजिन बघायला आलो," म्हणायचा, आणि इंजिन डावीकडे असलं तरी उजवीकडे बघायचा. उजवीकडे मी असायचे.

"अहो मिस्त्री," चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "अहोचं अगं केलं तर चालेल?"

"पाना धरता येतो?"

"येतो की."

"मग चालेल."

आता आमच्या वर्कशॉपचा एक नियम सांगते, आजोबांपासूनचा. इंजिनाला फडकी बारा. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर आईने लाल दोऱ्याने आकडा काढलेला. पुसायचं त्यांनीच, उघडी भोकं बुजवायची त्यांनीच. मधल्या दिवसांत ती कुठे धुण्यात, कुठे वाळत पडलेली असतात. पण खालचं तेलाचं चेंबर चढवण्याआधी बाराच्या बारा मोजायची. एक जरी आत राहिलं तरी तेलाची वाट अडते आणि भर पाण्यात इंजिन जाम होतं. तेव्हा लाँचमध्ये चाळीस माणसं असतात.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून चेंबर चढवलं. एका बाजूने तो बोल्ट आवळत आला, एका बाजूने मी, आणि शेवटचा बोल्ट दोघांच्या बोटांना एकदमच सापडला. हात कोणीच काढेना...

मी मोजायला विसरले.

आठवलं तेव्हा तीन वाजले होते. तो डिझेल आणायला गेला होता. मी मोजली. अकरा. पुन्हा मोजली, तरी अकरा. सात नंबर नव्हतं. मनात म्हटलं, पडलं असेल कुठेतरी, तासाभरात मालक येतील, सुरू करून टाकू... कोपऱ्यातल्या स्टुलावर बाबा बसले होते. माझ्याकडे बघत होते. मी तेल काढलं आणि चेंबर उतरवलं.

चार वाजता मालक आले तेव्हा मी इंजिनाखाली आडवी होते, कोपरापर्यंत हात आत घालून.

"मालक, आज सुरू होणार नाही," बाहेर येऊन म्हटलं. "एक फडकं कमी आहे. न मोजता चेंबर चढवलं, चूक माझी आहे."

"सुरू केलं असतंस तर कोणाला कळलं असतं?"

"मला."

"आणि मुदत?"

"मुदत तुमची आहे, मालक. लाँचमधली माणसंही तुमचीच आहेत."

मालक बाबांकडे वळले. "मिस्त्री, तुम्ही तरी काही सांगा हिला."

"मिस्त्री ती आहे," बाबा म्हणाले. "मी नुसता बसलोय."

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी परत इंजिनाखाली शिरणार होते. तेवढ्यात तो डिझेलचा कॅन घेऊन आला.

"उघडलं का परत?"

"सात नंबरचं फडकं आत राहिलंय."

कॅन खाली ठेवला त्याने. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मग शर्टाच्या खिशातून घडी काढली... धुतलेली, इस्त्री केलेली. कोपऱ्यावर लाल दोऱ्याने सात.

"हे तुझ्याकडे कसं?" मालकांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी तोंड पुसायला दिलं होतं हिने."

"मग परत करायला काय झालं?"

"रोज आणत होतो, मालक. रोज तसंच घेऊन जात होतो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आवडतेस तू मला. फडकं सोडवत नव्हतं."

मी तासभर पाठ घासत खाली पडले होते, आणि हा फडक्याला इस्त्री करत बसला होता! त्याला पान्याने हाणावं की... दुसरं काय ते मला सुचलं, पण बाबा समोर होते. बाबांना अचानक खोकला आला.

मालक खाली वाकले. चेंबर उतरवलेल्या जागेतून आत बघत राहिले.

"नवं आणलं तेव्हाही इतकं स्वच्छ नव्हतं हे," गुडघे झाडत ते म्हणाले. "उद्या सकाळी येतो. या वेळी मोजून बंद कर."

मोजली. मोठ्याने, बाराच्या बारा, बाबांसमोर.

सकाळी मालकांसमोर हँडलच्या तिसऱ्या फेऱ्याला इंजिनाने काळा धूर ओकला, दोनदा खोकललं आणि मग लागलं की एका लयीत. धक्क्यावरचे वल्हीवाले दारात गोळा झाले होते. त्यातला एकही हसत नव्हता. बाबांनी ब्लॉकवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे." तीस वर्षांत स्वतःच्या इंजिनालाही त्यांनी हे म्हटलं नव्हतं.

त्याला मी बाजूला बोलावलं. घरी बाबांनी काय सांगितलं कोण जाणे, पण आईने मला काही न विचारता सकाळी एक नवं फडकं हातात दिलं होतं. चारही कोपरे कोरे.

"हे घे," मी म्हटलं. "यावर आकडा नाही. वर्कशॉपबाहेर नेलं तरी चालतं."

"परत कधी आणू?"

"आणू नकोस. तू ये. मलाही आवडतोस तू."

चेहरा स्वच्छ होता, तरी त्याने ते तोंडावरून फिरवलं. मी पाठ वळवून कंप्रेसरची नळी गुंडाळायला घेतली. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही होतं, ते त्याला इतक्यात दाखवायचं नव्हतं.