अब्बांचं नाव नको

दार उघडंच राहू दे, अबरार. आणि सफा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. माझ्या दोस्ताची, शौकतची गोष्ट आहे ही. त्यानं मला सांगितली ती भर दुपारी, तरी खोलीतले सगळे दिवे लावून.

२००३ चा ऑक्टोबर, शबे-बारातची रात्र. शौकत तेव्हा अबूधाबीला, खलिफा सिटीत राहायचा. बायकोमुलं रत्नागिरीला गेलेली, घरात तो आणि त्याची अम्मी, कुलसुमचाची, दोघंच. इशाची नमाज झाली आणि साहेबाचा फोन आला, "पेपर मिळालाय, घेऊन जा."

साहेब वेल्सचा, ग्लिन नावाचा. त्याचे पणजोबा बायकापोरं वेल्समध्येच सोडून अमेरिकेला गेलेले, त्यांचा माग काढायचं खूळ होतं त्याला. जहाजांच्या याद्या, दफनभूमीच्या नोंदी, सुट्टीच्या दिवशीही तेच. चाचीचे अब्बा जहाजावर आगवाले होते, बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. चाची लहान असताना ते वेल्समध्येच, कार्डिफ बंदरात उतरले आणि परतलेच नाहीत. शौकत हे सहज बोलून गेला, तर साहेब म्हणाला, यांचंही शोधतो.

चाचीला अब्बांचा चेहरा आठवत नव्हता. हात आठवायचा. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट बॉयलरच्या दारात अर्धं तुटलेलं. त्याच हातानं ते तिला हलवा भरवायचे.

आता आपल्यात कसं, या रात्री मयतांच्या रुह घरी येतात; हलव्यावर फातिहा देताना त्यांची नावं घ्यायची, तरच तो त्यांना पोचतो. जिवंत माणसाचं चुकूनही नाही. चाची दरवर्षी बजावायची, "अब्बांचं नाव नको. ते येतील." म्हातारी झाली तरी हेच! वेडी माया, दुसरं काय.

शौकतनं गाडीतच तो पेपर वाचला, दफनाची नोंद होती. अब्बा कधीच वारलेले, कार्डिफमध्येच दफन झालेले. चाचीचं बायपास नुकतंच झालेलं. "आज नको, उद्या सांगू," म्हणत त्यानं पेपर डॅशबोर्डमध्ये टाकला. चुकला. माणूस मयत आहे हे ठाऊक असून त्याचं नाव गाळायचं? आणि तेही त्या रात्री?

पांढऱ्या बशीत चण्याच्या डाळीचा हलवा. शौकत फातिहा वाचायला बसला. मग नावं. आजी... बाप... मामू...

आणि थांबला.

एसी बंद पडला. आपोआप.

खोली तापली. भट्टीजवळ बसल्यासारखी. पॅसेजमध्ये कुणीतरी खोकलं...

"कोण आलंय रे?"

"कुणी नाही, अम्मी."

पुन्हा खोकला. आता दारात.

लाईट गेली.

शौकतच्या उजवीकडे श्वास. जड. चाची तर डावीकडे बसलेली...

लाईट आली. हलव्याचा कोपरा मोडलेला. बशीच्या कडेवर कोळशानं काळी बोटं उमटलेली.

चाची ओरडली नाही. बशी जवळ ओढून घेतली. डोळे भरून आले तिचे.

"शौकत, तुला कळलं होतं ना?"

त्यानं मान हलवली.

"इतकी वर्षं उपाशी होते रे माझे अब्बा. मीच ठेवलं त्यांना उपाशी. घे, नाव घे त्यांचं."

त्यानं घेतलं. एसी सुरू झाला.

काय म्हणालास अबरार? "बार्बेक्यूचा कोल"? अरे हबीबी, चाचीला दमा होता. त्या घरात लोबानसुद्धा जळत नव्हता.

चाची पुढच्या वर्षी गेली. शौकत दुबई सोडून... नाही, अबूधाबी सोडून गावी गेला, जाताना ती बशी माझ्याकडे ठेवून गेला. साबणानं घासली, राखेनं घासली. काही उपयोग नाही. बघायचीय? आतल्या खोलीत, वरच्या फळीवर आहे. जा...

नको? बरं.

तीन बोटं पूर्ण आहेत. चौथं अर्धं.