बंद संगणक आणि सतरा नोव्हेंबर

ही घडलेली गोष्ट आहे.

ज्याच्या बाबतीत घडली तो ओग्न्यान आजही क्रिवा पोल्यानात राहतो. गावातले संगणक दुरुस्त करतो. फक्त एका दुकानात आता पाऊल ठेवत नाही.

शुक्रवार, १ मार्च २०१९. दुपारचे दोन. रात्र नव्हती, अंधार नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं.

बाहेर धुकं होतं. इतकं, की डोंगर नाहीसा झाला होता.

दोच्कामावशीचं छपाईचं दुकान. छापायचं काय, तर निधनपत्रकं. काळी चौकट, फोटो, नाव, दोन तारखा. कोणी गेलं की ती खांबांवर लागतात, बसथांब्यावर लागतात, घराच्या दारावर लागतात. चाळीस दिवसांनी पुन्हा. वर्षाने पुन्हा. तीस वर्षं गावातला प्रत्येक मृत्यू मावशीच्या हातून गेला होता.

एक सोडून.

तिचा मुलगा, तिहोमिर. १४ नोव्हेंबर २०१४ला डोंगरात गेला तो आला नाही. सापडलाही नाही. पत्रक लावायचं म्हणजे तो मेला हे आपल्या हाताने लिहायचं. ती लिहीत नव्हती.

या सोमवारी तिने लिहिलं.

उद्या शनिवार, पितरांचा दिवस. सगळं गाव उकडलेले गहू घेऊन दफनभूमीत जाणार. त्याआधी वीस पत्रकं लागायला हवी होती...

आणि संगणक ती छापू देत नव्हता.

ओग्न्यान आत आला तसा मावशीने त्याचा हात धरला. मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधला, मार्चच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना बांधतात तसा. म्हणाली, गावभरचं बिघडलेलं नीट करतोस, तुझं लग्न तेवढं कोण जुळवणार? तो कसनुसं हसला. तिहोमिरचा तो जिवलग. त्या दिवशी डोंगरात बरोबर तोच होता.

मावशीने सांगितलं ते असं. सोमवारपासून ती रोज संध्याकाळी संगणक बंद करते. पडदा काळा होतो, पंखा थांबतो. पण मागे इंटरनेटची तार जिथे बसते तिथला हिरवा दिवा विझत नाही. सकाळी येते तर संगणक चालू. तिहोमिरचं पत्रक उघडलेलं. आणि मृत्यूच्या तारखेची जागा...

रिकामी.

रोज ती पुन्हा १४ नोव्हेंबर टाकते; छापलं की कागदावर ती जागा तरीही कोरीच येते.

ओग्न्यानला हायसं वाटलं. मावशीची सवय त्याला ठाऊक होती. ती कोरं पान कधी घेत नाही. मागच्या मेलेल्याचं पत्रक उघडायचं, नाव आणि फोटो बदलायचा. त्यात जुनं काहीबाही राहून जातं. गेल्या वर्षी एका ब्रह्मचारी सुताराच्या पत्रकात शोकाकुल पत्नी छापली गेली होती. तसंच काहीतरी. आणि दिव्याचं तर कारणच सरळ होतं. संगणक बंद झाला तरी त्यातलं नेटवर्कचं कार्ड जागं राहू शकतं. तारेवरून बाहेरची हाक आली की ते संगणकाला उठवतं.

“ही सोय कोणी केली होती, मावशी?”

“तिहोमिरने. घरी बसून दुकानातला संगणक चालू करायचा. आळशी मेला.”

मग ती कागदांचा गठ्ठा लावायला वळली.

ओग्न्यानने कामाची वही काढली.

*जागं करण्याची सोय काढली. संगणक बंद केला. दिवा चालू.*

*मूळ सेटिंगमध्ये जाऊन कार्डच बंद केलं. संगणक बंद केला. दिवा चालू.*

असं होत नाही. त्याने दोनदा तपासलं.

*तार काढली.*

तार त्याच्या हातात होती. पलीकडे कोणी नव्हतं. हाक मारायला वाटच उरली नव्हती.

दिवा लुकलुकायला लागला.

कोणीतरी बोलत असलं की लुकलुकतो, तसा.

त्याने भिंतीतला प्लग उपटला. विजेचा अंश आत उरतो, अर्ध्या मिनिटात जातो. तो मोजत राहिला. तीस. साठ. दोनशे...

*विजेशिवाय दिवा*

वहीतली ही ओळ अर्धीच आहे.

कारण तेव्हा छापण्याचं यंत्र सुरू झालं.

त्याची वीज वेगळी होती, ते चालू होतं. पण त्याला छापायला सांगणारा संगणक मेलेला होता. त्याची वायर ओग्न्यानच्या पायाशी लोळत होती.

कागद हळूहळू बाहेर आला. आधी चौकट. मग तिहोमिरचा हसरा फोटो. मग नाव.

मावशीने कागद उचलला. चष्मा लावला.

“ही तारीख मी नाही टाकली.”

ओग्न्यानने वाकून पाहिलं.

१७ नोव्हेंबर २०१४.

ही तारीख त्याच्यासाठी काय होती हे कळायला एक गोष्ट माहीत हवी. चार वर्षं ती फक्त त्याला माहीत होती. डोंगरातली उत्तरेची वाट त्या दिवशी बंद होती. तिथे चल म्हणून ओग्न्याननेच हट्ट धरला. तिहोमिर घळीत घसरला. ओग्न्यानने वरून तीन हाका मारल्या. उत्तर नाही. मेला, असं त्याने धरलं. खाली आल्यावर बंद वाटेचं नाव घ्यायची भीती वाटली, म्हणून सांगितलं, आम्ही पूर्वेच्या खिंडीत वेगळे झालो. लोकांनी तीन दिवस पूर्वेला शोधलं.

गेलेला माणूस कुठे का असेना, काय फरक पडतो... या एका वाक्यावर तो जगत होता. चौदाला मेला. लगेच मेला.

यंत्राने दुसरा कागद काढला. सतरा.

तिसरा. सतरा.

“सतराला दुपारी शोध थांबवला,” मावशी म्हणाली. आवाज अगदी साधा. “तुला विचारलं होतं, आणखी कुठे बघायचं राहिलंय का. मी शेजारीच उभी होते. तू नाही म्हणालास.”

यंत्र कागद काढत राहिलं. आठ. नऊ.

खोटं बोलायला त्याच्याकडे अजून वेळ होता. फाईल बिघडली, यंत्र जुनं झालं, काहीही चाललं असतं. तिला पटलंही असतं.

“मावशी, आम्ही खिंडीत वेगळे झालो नव्हतो.”

“कुठे?”

“उत्तरेच्या घळीत. मी हाका मारल्या. तो बोलला नाही.”

विसावा कागद पडला आणि यंत्र थांबलं. संगणकाच्या मागे पाहायची ओग्न्यानची हिंमत झाली नाही.

मावशी रडली नाही. ओरडली नाही. तिने वीस कागद ठोकून सारखे केले, खळीचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

“माझ्या दारावर तू लाव. मग तुझ्या.”

त्याने लावली.

मे महिन्यात बर्फ उतरल्यावर माणसं उत्तरेच्या घळीत गेली. तिहोमिर तिथे होता. पडला त्या जागेपासून बराच वर, कपारीत. पाठ टेकून बसलेला. डॉक्टर म्हणाले, हाडांवरून तारीख नाही सांगता येत.

थडग्याच्या दगडावर मावशीने सतराच कोरून घेतली.

ओग्न्यानने हे सगळं स्वतः सांगितलं, एका दमात. शेवटचं तेवढं सांगताना थांबला.

तेव्हापासून दर वर्षी चौदा नोव्हेंबरला संध्याकाळी त्याला थंडी भरते. स्टोव्ह पेटलेला असतो, अंगावर दोन रजया असतात, तरी दात वाजतात. पंधराला तीच थंडी. सोळाला तीच. ताप नसतो.

सतराच्या पहाटे ती एकदम जाते. अंगात ऊब येते. छान, गाढ झोप येते, बर्फात गोठणाऱ्याला अगदी शेवटी येते म्हणतात तशी.

त्या उबेलाच तो सगळ्यात जास्त घाबरतो.