गरम झाली की बंद पडते

मला राग येतो तो आधी कानांत. कान तापतात आणि मग जीभ सुटते. त्या दिवशी स्पेअर पार्ट्सच्या दुकानात दोन्ही एकदमच झालं.

मी मोटरसायकलची इग्निशन कॉइल मागितली आणि दुकानदार म्हणाला, "एकच होती ताई. आत्ताच यांनी घेतली."

'यांनी' म्हणजे शेजारी उभा असलेला, बाह्या दुमडलेला एक उंच माणूस. कॉइलचं खोकं हातात खेळवत तो चक्क हसत होता.

"मला आजच हवी होती," मी म्हणाले. "तुमची गाडी अगदी बंद पडलीय का?"

"गाडी अजून माझी नाहीये... संध्याकाळी होईल." स्वारी भलतीच खुशीत होती. "थंड असताना एका किकमध्ये सुरू होते, गरम झाली की बंद पडते. मालकाला वाटतंय इंजिनच गेलं. मी बघताक्षणी ओळखलं, कॉइल! पण बोललो नाही."

"का?"

"बोललो तर तो विकेल कशाला? आणि त्याला घाई आहे. बहिणीला कळायच्या आत गाडी घराबाहेर काढायचीय. फार तापट आहे म्हणे. टाकीही तिनेच रंगवलीय... लालभडक, वर पिवळी रेघ. रेघ जरा वाकडीच आलीय."

माझे कान तापले.

"रेघ वाकडी नाहीये," मी म्हणाले. "टाकीला तिथे पोचा आहे."

त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. "म्हणजे तुम्ही—"

"तापट बहीण."

पुढे मी जे बोलले ते सगळं आता आठवत नाही. लबाड, आतल्या गाठीचा आणि चोर हे तीन शब्द नक्की होते. दुकानदार पाठ फिरवून उगाचच फळ्या पुसायला लागला. तो माणूस मात्र सगळं ऐकून घेत उभा राहिला. मग त्याने खोकं माझ्यापुढे धरलं. "घ्या. खरंच."

"तुमचे उपकार नकोत. काका, मोठ्या गाडीची कॉइल द्या."

"ताई, तिची ताकद जास्त असते, चालेल या गाडीला. पण भोकं जुळायची नाहीत."

"मी जुळवीन," मी म्हणाले आणि ती घेऊन तरातरा घरी आले.

ती गाडी आईची. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, तिच्यावर बसून आईने घरोघरच्या मीटरांचं रीडिंग घेतलं, आमची शिक्षणं केली. गुडघे गेले तेव्हा किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "सांभाळ." आणि दादा ती परस्पर विकायला निघाला होता!

"मला एका शब्दाने विचारलं नाहीस!" मी दारातूनच ओरडले.

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?" दादाही चढ्या आवाजात बोलला. "चढावर बंद पडली तेव्हा मागे ट्रक होता. वीतभर अंतरावर थांबला. तू विसरलीस, मी नाही विसरलो."

मी पायातली चप्पल भिरकावली. आई खिडकीत बसून सगळं ऐकत होती. मला तिचाही राग आला.

शेवटी दादा म्हणाला, "तो माणूस संध्याकाळी येतोय. तोवर दुरुस्त कर. चढावर बंद पडली नाही तर ठेव, पडली तर गेली."

परवाच मी टाकी उतरवून आतला सांगाडा घासून काळाभोर रंगवला होता, त्यामुळे कॉइलची जागा मोकळीच होती. भोकं अर्थातच जुळेनात. मग मी लोखंडी पट्टी वाकवली, ड्रिलने भोकं पाडली, घासली आणि कॉइल तिच्यासकट सांगाड्यावर घट्ट आवळली. दोन वायरी जोडल्या. प्लग बाहेर काढून त्याचं टोक इंजिनला टेकवलं आणि किक मारली.

ठिणगी नाही. पुन्हा मारली... काहीच नाही. पाय भरून आला, डोळेही भरून आले. नेमका तेव्हाच तो फाटकातून आत आला.

"उजेड अडवू नका," मी खेकसले.

तो बाजूला उकिडवा बसला. वायरी बघितल्या, पट्टी बघितली आणि बघता बघता त्याची नजर एका जागी थांबली. त्याला कळलं होतं. आणि त्याला कळलंय, हे मलाही कळलं.

"बोला की," मी हळूच म्हणाले. "का याही वेळी नाही बोलणार?"

त्याने अंगणात उभ्या असलेल्या दादाकडे पाहिलं, मग गाडीकडे. दोन मिनिटं गप्प बसला असता तर गाडी त्याची होती.

"पट्टी रंगावर बसलीय," तो म्हणाला. "कॉइलचा पाय थेट लोखंडाला टेकला पाहिजे, नाहीतर वीज परत जाणार कुठून? पट्टीखालचा रंग खरवडा."

"माझा रंग खरवडू?"

"नखाएवढा!"

मी दात-ओठ खात पट्टी सोडली, रंग खरवडला, लोखंड चकाकेपर्यंत. पुन्हा आवळली. प्लग त्याने धरला, मी किक मारली, आणि तो "आई गं!" करत तीन ताड उडाला.

"ठिणगी आहे!" हात झटकत तो ओरडला. "आहे! मला बसली!"

त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले. तो हात झटकायचा थांबून बघतच राहिला, आणि माझे कान पुन्हा तापले... पण हे तापणं वेगळं होतं.

टाकी बसवल्यावर आईने तोंड उघडलं. "चढावर यांनाच मागे बसवून ने. बंद पडली तर ढकलतील."

चढावर, मागे ट्रक थांबला होता ती जागा आली. मी गिअर बदलला. इंजिन चांगलं तापलं होतं, पण गाडी एकदाही अडखळली नाही. चढाचा माथा दिसायला लागला.

"गेली माझी गाडी," मागून आवाज आला.

"वाईट वाटतंय?"

"खूप. पण सकाळपासून डोक्यात गाडी नाहीच आहे... कोणीतरी मला चोर म्हणालं होतं, तेच आहे."

"मी अजून चिडलेली आहे हं."

"राहा ना चिडलेली," तो म्हणाला. मग आवाज खाली आला. "मला तशीच आवडलीस तू."

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं आणि मला त्याचा अजिबात राग आला नाही. माथ्यावर वारा होता, खाली दिवे लागत होते. गाडी बंद पडू नये म्हणून दिवसभर भांडलेल्या मी ती कडेला घेतली आणि आपल्या हाताने किल्ली फिरवली.

"काय झालं? बंद पडली?"

"हो," मी मागे वळून म्हणाले. "गरम झाली."