सतरावं वाक्य

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. हर्षाही हसली असती, तिच्याच बाबतीत घडलं नसतं तर. नदीच्या पाण्यावर पीएच.डी. करणारी मुलगी, त्यात आंबेडकरी घरातली. भूतखेत हा शब्द त्यांच्या घरात फक्त चेष्टेसाठी निघायचा.

जुलै २००७. रविवार. दुपारचे तीन. जर्मनीतलं रेगेन्सबर्ग.

रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं आणि डोनाऊ नदीच्या काठावर लोक आइस्क्रीम खात बसले होते.

त्या गावात उन्हाळ्यात नद्यांवरच्या फिल्म्सचा एक छोटा महोत्सव भरायचा. ओढ्यात परतलेले बीव्हर प्राणी, डोंगरातली कुरणं, जुन्या नावाड्यांची गाणी, असलं सगळं. त्या वर्षी एक फिल्म विदर्भातली होती. बिर्गिट नावाच्या बाईने केलेली, धरणात जाणाऱ्या एका गावावर.

ते गाव हर्षाचं. तिनेच बिर्गिटला तिथे पाठवलं होतं. आणि नदीकाठच्या खडकावर बसून फिल्मभर बोलणारी बाई होती हर्षाची आई, गयाबाई.

फिल्मवर सबटायटल्स नव्हती. अशा वेळी तिकडे एक सोपी पद्धत असते. हॉलच्या कोपऱ्यात एक जण छोटा दिवा आणि माइक घेऊन बसतो. कानात हेडफोन. पडद्यावरचं माणूस बोललं की मागोमाग तेच जर्मनमध्ये बोलायचं. 'ती म्हणते' वगैरे नाही. सरळ 'मी'. ते काम हर्षाकडे होतं.

एप्रिलमध्येच तिने भाषांतर टाइप करून ठेवलं. एकेचाळीस वाक्यं, प्रत्येकासमोर मिनिट-सेकंद.

फक्त सतराव्यासमोर लिहिलं होतं... 'शांतता'.

तिथे शांतता नव्हती. तिथे आई म्हणत होती, "माही पोरगी तिकडं जर्मनीत आहे. पाणी यायच्या आधी एक डाव घर पाहून जाय म्हटलं, तर काम आहे म्हणते."

बिर्गिटला मराठी येत नव्हतं. तिने विचारलं होतं, "इथे काहीतरी बोलतेय ना?"

"काही नाही," हर्षा म्हणाली होती, "पाण्याबद्दलच बोलतेय."

हॉलमध्ये प्रोफेसर येणार, डिपार्टमेंटचे लोक येणार. त्यांच्यासमोर आपलं हे गाऱ्हाणं कशाला? इतकंच तिच्या मनात होतं. दुसरं काही नव्हतं.

आणि मे महिन्यात आई गेली.

गाव आदल्या पावसाळ्यातच बुडालं होतं. पुनर्वसनाच्या कॉलनीत, पत्र्याच्या खोलीत, ऊन लागून गेली. हर्षाचा धाकटा भाऊ यशपाल फोनवर रडत म्हणाला, "ताई, तू येशील तोवर माती थांबवू का?" तिने नको म्हणून सांगितलं. नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीलाही ती गेली नाही. प्रबंध द्यायचा होता. आणि आता जाऊन भेटायचं तरी कोणाला?

सतरावं वाक्य तेव्हाही घालता आलं असतं. तिने नाही घातलं. आता तर ते तोंडातून निघालंच नसतं.

दिवे मंद झाले. पडद्यावर नदी आली, मग खडक, मग आई. पांढरं लुगडं, हातात दोनच बांगड्या.

हर्षाने वाचायला सुरुवात केली.

पहिली काही वाक्यं झाली आणि तिच्या लक्षात आलं... आज काम फारच सोपं जातंय. एरवी मूळ आवाज पुढे पळतो आणि बोलणाऱ्याची धांदल उडते. आज तसं होत नव्हतं. आई एक वाक्य बोलायची आणि थांबायची. हर्षाचं जर्मन संपलं की पुढचं बोलायची.

सराव केला तेव्हा ती अशी थांबत नव्हती.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय... असं म्हणून हर्षाने मान खाली घातली आणि वाचत राहिली.

चौदा. पंधरा. सोळा.

सतरावं वाक्य आई बोलली. हर्षा गप्प बसली. सहा सेकंद जायचे होते.

सहा गेले. दहा गेले...

आई पुढे बोलेना.

फिल्म अडकलेली नव्हती. मागे एक म्हैस पाण्यातून चालत होती. वाऱ्याने आईचा पदर हलत होता.

पण हेडफोनमध्ये पाण्याचा आवाज नव्हता. वाऱ्याचा नव्हता. काहीच नव्हतं.

आई समोर बघत होती. शूटिंगच्या वेळी ती कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या बिर्गिटकडे बघत होती, हे हर्षाला पाठ होतं. आता ती नजर हळूहळू वळली... आणि कोपऱ्यातल्या दिव्यावर येऊन थांबली.

आई तेच वाक्य पुन्हा बोलली. शब्दन् शब्द तेच.

आणि पुन्हा थांबली.

हॉलमध्ये कोणी हलत नव्हतं. दीडशे माणसं, पण साधा खोकला नाही. मागच्या खिडकीतून फिल्म चालवणारे ओबरमायर डोकं बाहेर काढून बघत होते. हर्षाची बोटं माइकच्या बटणावर होती.

तिसऱ्यांदा आई बोलली नाही. फक्त हाक मारली.

"हर्षे..."

अख्ख्या फिल्ममध्ये आईने तिचं नाव कुठेही घेतलेलं नव्हतं.

हर्षाने बटण दाबलं. तिने ते वाक्य जर्मनमध्ये म्हटलं. पद्धतीप्रमाणे 'मी' म्हणून. माझी मुलगी इथे जर्मनीत आहे. पाणी येण्याआधी एकदा घर बघून जा म्हटलं, तर काम आहे म्हणते.

हेडफोनमध्ये पाणी वाहू लागलं.

आई पुढे वाकली आणि तिने हळूच विचारलं, "आली का वं?"

याचं भाषांतर करायचं असतं हे हर्षा विसरली. माइकमध्ये, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, ती मराठीतच बोलली.

"हो आई. आले."

आई हसली. गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सारखा केला, आणि चौकटीतून निघून गेली. खडक तेवढा राहिला.

उरलेली चोवीस वाक्यं कोण बोललं, हर्षा सांगू शकत नाही. तिला टाळ्या आठवतात. समोर एक म्हातारी डोळे पुसत होती, ते आठवतं.

बिर्गिटचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. "हर्षा, ती उठून जाते ते मी शूट केलेलं नाहीये."

ओबरमायर कार्यक्रमाचा कागद घेऊन आले. "इथे बावीस मिनिटं लिहिलंय. माझ्या घड्याळाने एकतीस झाली."

तिघांनी टेप पुन्हा लावली. आई खडकावर होती. सतरावं वाक्य बोलून झाल्यावर अठरावं बोलली. शेवटपर्यंत उठली नाही. बरोबर बावीस मिनिटं.

तिथे बसल्या बसल्याच हर्षाचा फोन वाजला... यशपाल.

"ताई, तू कधी आली? सांगितलं बी नाही?"

"कुठे आले?"

"थट्टा नको करू. दीनानाथकाकाने पाहिलं ना तुले. दिवेलागणीले, तो जाळं काढत होता तेव्हा. जुन्या गावाच्या रस्त्याने पाण्याकडे चालली होती म्हणे. सोबत तोंडावर पदर घेतलेली एक बाई होती, तुहा हात धरून. त्याने आवाज दिला तर तू मागे पाहून हसली. ताई, आम्ही भात टाकून वाट पाहून राहिलो. कुठं आहे तू?"

हर्षाने घड्याळ पाहिलं. भारतातली दिवेलागण म्हणजे इथले तीन-सव्वातीन.

"रेगेन्सबर्गला आहे रे," ती म्हणाली.

डिसेंबरमध्ये हर्षा गावाकडे जाऊन आली. दीनानाथकाकांनी जागा दाखवली. डांबरी रस्ता उतरत उतरत सरळ पाण्यात जातो, तिथपर्यंत. ती तीन दिवस, तिन्ही सांजा तिथे बसून राहिली. आई म्हणून हाका मारल्या. माफी मागितली. काहीही झालं नाही. पाणी नुसतं पाणी होतं.

निघायच्या दिवशी तिने काकांना विचारलं, "काका, खरं सांगा. ती माझ्यासारखी दिसत होती का?"

म्हातारा म्हणाला,

"तूच होती वं पोरी. लहानपणापासून पाहतो तुले, मी नाही ओळखणार? लई खुशीत होत्या दोघी. बोलत बोलत गेल्या." मग म्हणाला, "अजूनही दिसतात कधीमधी. म्हणून तर मी आता इकडे सांजचं जाळं टाकत नाही."

हर्षा आता दरवर्षी जाते. संध्याकाळी त्या रस्त्याच्या टोकाशी उभी राहते. तिला आजवर काही दिसलेलं नाही, एकदाही नाही. आई कोणाची तरी वाट बघत होती आणि ते माणूस तिला मिळालं, एवढंच तिला कळतं. आईचा हात धरून कोण गेलं, हे विचारायची सोय नाही. ती हाक मारते, तेव्हा कोणी ओ देत नाही.