अर्धा ढिला बोल्ट

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही गोष्ट खरी आहे. आटपाडीतल्या मतीनच्या गॅरेजात, गेल्या मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, तीही भर दिवसा घडलेली.

रात्र असती तर मतीननं भुताचं नाव तरी घेतलं असतं. दिवसा त्याला माणसाचाच संशय आला... आणि तोही भागीदाराचा.

बकऱ्यांचा व्यापार करणाऱ्या लालासाहेबांचा पिकअप दुरुस्तीला आला होता. वॉटर पंप गळत होता आणि उद्या बकरी घेऊन त्यांना बाजार गाठायचा होता. पंपाचे तीन बोल्ट मुकाट निघाले. चौथा मात्र सगळ्यात खाली, इंजिन आणि चेसीच्या मधल्या बोळकांडीत. एकच हात जेमतेम जायचा. दिसायचं काहीच नाही. त्यात बोल्टचं डोकं झिजून गोल झालेलं, पाना नुसता सटकायचा.

मतीननं एक नंबर लहान पाना हातोडीनं ठोकून बसवला. बोटं सोलली. शेवटी बोल्ट हलला आणि दोन आटे बाहेर आला.

तेवढ्यात अजान झाली. मतीन हात धुऊन जुम्म्याच्या नमाजला गेला.

परत येऊन त्यानं हात घातला...

बोल्ट गच्च.

गॅरेजात त्याचा भागीदार भरतेश एकटाच होता.

"तू हात लावलास व्हय रं?"

"मी कशाला लावू? मी तिकडं ब्रेक खोलत हुतो."

मतीन हसला, पण खोटं. भरतेश विट्याला स्वतःचं गॅरेज टाकणार, अशी कुणकुण त्याला लागली होती. शिवाय जुनी सल होतीच. तीन वर्षांपूर्वी मोहिद्दीनचाचा, म्हणजे मतीनचे काका आणि दोघांचेही उस्ताद, गिअरबॉक्स अंगावर पडून गेले. कुणीतरी बोल्ट अर्धे ढिले सोडून उठलं होतं. ते काम भरतेशचं, असं मतीननं गावभर सांगितलं. भरतेश एकदाच "मी न्हाई" म्हणाला आणि गप्प बसला.

असा माणूस मनात काय धरून बसेल, सांगता येतं का?

मतीननं पुन्हा झटून बोल्ट दोन आटे काढला. ऊन पत्र्यावरून उतरायला लागलं, तसा भरतेश घरी गेला. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा त्याच्या घरचा नेम. मतीन मुद्दाम दारात बसला. पिकअपवरची नजर त्यानं हलवली नाही. शेजारी लालासाहेब चहा पीत होते.

टिक...

पाना फिरल्यासारखा आवाज.

टिक... टिक...

"आत कोन हाय रं?" लालासाहेबांनी कप खाली ठेवला.

आत कुणीच नव्हतं.

मतीन धावला. बोळकांडीत हात घातला. बोल्ट गच्च... आणि बोटाला काहीतरी ओलं लागलं.

हात बाहेर काढला. बोटावर पांढरा चुना होता.

मतीन तंबाखू खात नाही. भरतेश तर शिवतही नाही. पण मोहिद्दीनचाचांची सवय साऱ्या गल्लीला ठाऊक होती. आवळलेल्या बोल्टवर ते आपल्या डबीतल्या चुन्याचं बोट लावायचे. चुना दिसला की समजायचं, हा बोल्ट पक्का.

भरतेश जेवून आला. त्यानं मतीनच्या बोटावरचा चुना बघितला.

"चाचा काय सांगायचं? काढायचा तर पुरता काढा, न्हाईतर आवळून ठिवा. अर्धा ढिला सोडून गाडीवरनं उठायचं न्हाई."

मतीन बोटावरचा चुना फडक्याला पुसायला लागला.

"त्या दिवशीबी शुक्रवार हुता, न्हवं?"

मतीनला तो दिवस आठवला. तीच अजान. ते दोन अर्धे ढिले बोल्ट. 'आल्यावर बघू' म्हणून तो उठला होता. नमाजहून चाचा आधी परतले आणि सरळ गाडीखाली शिरले. ते काम भरतेशचं, हे खोटं त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं, की त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

"व्हय," तो कसाबसा म्हणाला. "मीच उठलो हुतो."

टण्ण...

पिकअपखाली काहीतरी पडलं. लालासाहेबांनी वाकून बघितलं. तोच बोल्ट होता. त्याला कुणीही हात लावला नव्हता.

लालासाहेबांना बाजार गाठता आला. तो बोल्ट कुणी आवळला, कुणी काढला, हे त्या तिघांपैकी कुणालाच आजवर सांगता आलेलं नाही.

भरतेश अजून त्याच गॅरेजात आहे. भांडण नाही, तंटा नाही. पण मतीन वर काम करत असला, की तो गाडीखाली शिरत नाही.

आणि मतीनही त्याला शीर म्हणत नाही.